भोकरीवरचा गुलाबी धागा

जुन्नरच्या पेठेतलं दलीचंद शेठचं कापडाचं दुकान सकाळी साडेनऊला उघडायचं. त्याआधीचे दोन तास शेठ ओढ्याकाठच्या बागेत असायचे. महाशिवरात्र झाली की सुरुवात, अक्षय तृतीयेला शेवट; पुढे ऊन सोसवत नसे. बारा वर्षं हा क्रम चुकला नाही. गळ्यात आळेफाट्याच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडून घेतलेला जुना कॅमेरा, आणि बाकावर शेजारी सुमतीबाई.

फोटो शेठ काढायचे, पण पक्षी आधी दिसायचा सुमतीबाईंना.

"अहो, डावीकडे. खालच्या फांदीवर. आता हलू नका बरं."

पुस्तकातली नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दुकानातल्या साड्यांवरून त्यांनी आपली नावं पाडली होती. हळद्या म्हणजे 'पिवळी, काळ्या काठाची'. तांबट म्हणजे 'पोपटी, लाल पदराची'. शेठ घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर भरायचे, वर्षाचं वेगळं फोल्डर, त्यात तारखेचं वेगळं, आणि फोटोखाली पुस्तकातलं नाव लिहून कंसात बायकोचं नाव लिहायचे. मढला वडिलांचं किराणा दुकान होतं, तिथे लहानपणापासून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची सवय लागली होती, ती अशी कामी आली.

शिंपी हा सुमतीबाईंचा लाडका. अंगठ्याएवढा पक्षी, शेपटी कायम उभी. बागेच्या कडेला भोकरीचं एक बुटकं झाड होतं, आणि त्याच्याभोवती टणटणीची जाळी. त्या भोकरीची रुंद पानं शिवून शिंपी घरटं करायचा. सुमतीबाई दुकानातून सुती धागे आणायच्या आणि फांदीवर ठेवायच्या. प्रत्येक धागा बोटभर. "लांब ठेवला तर पिल्लाच्या पायात अडकेल," असं म्हणत बाकावर बसून कात्रीने कापायच्या. एका फाल्गुनात शिंप्याने त्यातला गुलाबी धागा चोचीत धरला आणि शेठनी नेमका तो क्षण टिपला. डोळ्यातली चमकसुद्धा आली होती. ती तसबीर दुकानात गादीच्या वर लागली. गिऱ्हाइकं विचारायची, शेठ सांगायचे, "फोटो माझा, धागा हिचा."

तीन वर्षांपूर्वी चैत्रात तीन दिवसांच्या तापाने सुमतीबाई गेल्या.

मुलगा जिनेश म्हणाला, आईच्या नावाने धर्मशाळेला पाण्याचा कूलर देऊ. शेठ नको म्हणाले. "तिला पाखरं आवडायची. बागेत चबुतरा बांधू. रोज दाणे पडतील, तिचं नाव राहील." जिनेशला ते पटलं. सून जागृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळी परवानगी काढून दोन महिन्यांत दगडी खांब उभा राहिला, वर कमळाच्या आकाराचं ताट, खाली संगमरवरी पाटी. ही कल्पना शेठची होती, दुसऱ्या कुणाचीही नव्हती.

पहिल्या वर्षी पन्नास कबुतरं आली. दुसऱ्या वर्षी मोजणं राहिलं नाही. कावळे आले. जैन समाजातली माणसं वाढदिवसाला, उपासाच्या पारण्याला पिशव्या भरभरून ज्वारी आणू लागली. ताटात मावेना ती जमिनीवर टाकू लागली. शेठनी फोल्डर उघडून ताडून पाहिलं. सुमतीबाईंच्या शेवटच्या वसंतात एकेचाळीस जातींचे पक्षी होते. गेल्या वसंतात सतरा. शिंप्याचा एकही फोटो नव्हता.

बागेचा माळी गोरख त्यांना म्हणाला, "शेठ, राग येऊ द्या नायतर नको. दाण्यामागं उंदीर आलं, उंदरामागं मांजरी. त्या जाळीत आता काय टिकायचं व्हय?"

"मग काय करू म्हणतोस?"

"आमी काय सांगनार? खांब तुमचा, बाई तुमची."

यंदा मात्र फाल्गुनात शिंप्याची एक जोडी भोकरीवर आली. शेठनी त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. बोटभर मापाचे गुलाबी धागे स्वतः कापून फांदीवर ठेवले. आठवड्यात दोन पानं शिवली गेली. मग शेठ आणि गोरख रोज सकाळ-संध्याकाळ भोकरीभोवती सांडलेले दाणे झाडून लांब नेऊन टाकू लागले. लखपती शेठ खराटा घेऊन बाग झाडतोय, याची पेठेत चेष्टा झाली. "शेठ, नगरपालिकेत लागला का काय?" शेठ हसून मान डोलवायचे.

पिल्लं निघाली तेव्हा सुमतीबाईंच्या तिथीला चार दिवस उरले होते. शेठनी हिशेब मांडला: पिल्लं उडायला अजून बारा-तेरा दिवस हवेत. रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी उरकल्यावर त्यांनी विषय काढला.

"जिनेश, यंदा तिथीला बागेत दाणे नकोत. पंधरा दिवसांनी टाकू."

"पप्पा, सगळ्यांना मेसेज गेलेत. चार पोती सांगितलीत."

"चार पोती पडली तर भोकरीपर्यंत दाणे जातील. घरटं आहे तिथे."

"एका घरट्यासाठी?" जिनेशचा आवाज चढला नव्हता, तो खरंच विचारत होता.

जागृती भांडी आवरता आवरता म्हणाली, "पप्पा, आईंच्या तिथीलाच पाखरं उपाशी ठेवायची? लोक काय म्हणतील, ते जाऊ द्या. आईंना काय वाटेल?"

शेठना उत्तर माहीत होतं. पण ते बोलायचं म्हणजे तीन वर्षं आपण तिच्या नावाने काय केलं, तेही बोलावं लागलं असतं. ते उठून गॅलरीत गेले.

तिथीच्या सकाळी बागेत चाळीसेक माणसं जमली. स्टुलावर सुमतीबाईंचा फोटो, त्याला हार. पोती उसवून ठेवलेली. गोरख लांब नळापाशी उभा होता, शेठकडे बघत. शेठनी ओंजळ भरली. एक वाक्य पुरलं असतं. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला गादीवर बसून हवं ते पटवून दिलं होतं. साडी नको म्हणणारी बाई दोन घेऊन जायची. इथे ते ओंजळ तशीच धरून उभे राहिले.

"पप्पा, टाका ना, सगळे थांबलेत," जिनेश म्हणाला.

त्यांनी ओंजळ उधळली. मागोमाग सगळ्यांनी. कबुतरं एकदम उठली, आभाळ झाकलं. शेठच्या गळ्यातला कॅमेरा जागृतीने आधीच काढून घेतला होता. तिने बटण दाबलं.

त्या संध्याकाळी दोघांनी अंधार पडेपर्यंत झाडलं. दाणे जाळीच्या आत, मुळांशी गेले होते. खराटा तिथवर पोचत नव्हता.

सकाळी गोरख फाटकापाशीच भेटला. "शेठ, आज नका जाऊ तिकडं."

शेठ गेले. भोकरीचं एक पान फाटून लोंबत होतं. दुसरं खाली पडलं होतं, त्याला गुलाबी धागा तसाच होता. शिंप्याची जोडी टणटणीवर इकडून तिकडे उड्या मारत एकसारखी ओरडत होती. वर चबुतऱ्यावर कबुतरांची गर्दी होती.

"मांजर," गोरख म्हणाला. "लई आत घुसली व्हती. म्या आलो तवा काय उरलं न्हवतं."

शेठनी धागा पानातून सोडवला, खिशात ठेवला आणि साडेनऊला दुकान उघडलं.

जागृतीचा फोटो समाजाच्या ग्रुपवर फिरला. पांढऱ्या शर्टातला म्हातारा, दोन्ही हात वर, भोवती शेकडो पंख आणि मागून ऊन. असा फोटो शेठना बारा वर्षांत जमला नव्हता, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. पुण्याहून कुणीतरी तो मोठा करून चौकटीत घालून पाठवला. जिनेशने स्टूल मांडलं आणि गादीच्या वरची जुनी तसबीर उतरवली, कारण दोन्हींना जागा नव्हती. शेठ खाली स्टूल धरून उभे होते.

"पप्पा, ही कुठे ठेवू?"

"दे इकडे," शेठ म्हणाले, आणि ती तसबीर गादीखालच्या कपाटात, कापडाच्या जुन्या ताग्यांच्या मागे उभी करून ठेवली. कॅमेराही तिथेच गेला.

आता गिऱ्हाइकं वर बघून विचारतात, "काय फोटो आहे राव! शेठ, तुम्हीच काढला का?"

"नाही," शेठ मीटरवर कापड मोजत सांगतात. "मी त्यात आहे."