माझ्या हातची यादी

त्या वर्षी मी देवाशी बोलत नव्हते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे खरी, पण ती एवढ्याचसाठी की नाही गेले तर बायका विचारपूस करायला घरी येतील. ती विचारपूस मला अजिबात सोसत नव्हती. नवरा जाऊन चार महिने झाले होते. कोळशाच्या खाणीतून दुपारी जेवायला घरी आला, हात धुतले आणि ताटावर बसायच्या आधीच कोसळला. मी नर्स, अठरा वर्षं दुसऱ्यांच्या नाडीवर बोट ठेवत आलेली बाई, आणि माझ्या डोळ्यांदेखत माणूस गेला तरी मला काही करता आलं नाही. प्रार्थनेत ‘तुझ्या मनासारखं होवो’ अशा अर्थाची ओळ आली की माझे ओठ गच्च मिटायचे. कशाला म्हणू? त्याच्या मनासारखं तर झालंच होतं.

आमच्या चंद्रपूरच्या चर्चमध्ये ऑक्टोबर महिना मिशनच्या कामाचा. गडचिरोलीच्या जंगलात सिस्टरांचा एक छोटा दवाखाना होता. त्यांच्यासाठी महिनाभर चर्चच्या दाराशी औषधांचा खोका ठेवत. कोणी घरात उरलेल्या गोळ्या टाकी, कोणी दुकानदार इंजेक्शनं आणून देई. दर रविवारी मिस्सा संपला की आम्ही तीन बायका ते सगळं निवडायचो. तारीख उलटलेलं फेकायचं, चांगलं तेवढं बांधायचं, आणि त्याची यादी एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ आधी पाठवून द्यायची. म्हणजे तालुक्याहून काय आणायचं आणि काय नाही, ते सिस्टरांना कळे. मी नर्स म्हणून फादरनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. “सेवा केली का मन हलकं होते, बाई,” म्हणाले. मी मनात म्हटलं, तुमचं होत असेल.

शेवटच्या रविवारी निवडता निवडता एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. “देवाची इच्छा होती बाई, आपण काय करणार?” झालं! माझा पारा असा चढला की दोघींनाही मी हाकलून दिलं. “देवाची इच्छा तुम्ही मले शिकवू नका, मी एकटी करते!” एकटीने कसलं काय? डोळ्यांतून धारा लागलेल्या, बारीक अक्षरातल्या तारखा दिसतात थोड्याच. पुसून वाचता आल्या असत्या. वाचल्या नाहीत. हाताला येईल ते खोक्यात टाकत गेले आणि नुसती नावं लिहीत गेले. त्यात लिहिलं: मलेरियाची क्विनाइन इंजेक्शनं, बारा. खोक्याला सुतळी बांधली, यादी ड्रायव्हरजवळ दिली आणि घरी जाऊन निजले.

पुढच्या आठवड्यात खोक्याबरोबर पंधरा दिवस राहायला कोण जाईल, असं फादरनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. लोकांना वाटलं, काय हिची भक्ती! भक्ती कसली, घर खायला उठत होतं. जीप मला आणि खोका दवाखान्यासमोर उतरवून निघून गेली. मोठ्या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण वीस वर्षं त्या रानात काढलेल्या, बोलणं पार तिकडचंच झालेलं. मला बघून म्हणाल्या, “आल्या का बाई? बसू नोका, हात धुवा.” ओसरीभर तापाने फणफणलेली माणसं पडली होती. दोन दिवस पाठ टेकायला सवड मिळाली नाही आणि खोका तसाच कोपऱ्यात राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं खाट खांद्यावर घेऊन आली. खाटेवर सात-आठ वर्षांची पोर, नाव जुरी. मागून तिची आई अनवाणी चालत आलेली. ही माडिया आदिवासी माणसं उजाडायच्या आधीच गावाहून निघाली होती. पोरीचे डोळे वर गेलेले, दात घट्ट बसलेले, अंग भट्टीसारखं. ताप मेंदूत चढला होता, हे कळायला नर्स असायची गरज नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, “आपल्या जवळचं क्विनाइन काल संपलं. पण तुमच्या यादीत बारा होते, म्हणून मी तालुक्याले माणूस नाई पाठवला. खोका सोडा लवकर.”

सुतळी मीच सोडली. इंजेक्शनं हातात घेऊन पाहिली. आतलं पाणी पिवळट तपकिरी झालेलं. तारीख उलटून दीड वर्ष झालेलं. सिस्टरनी एक काचेची नळी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली.

“हे काऊन आलं खोक्यात?”

“मी तारखा पाहिल्या नाहीत, सिस्टर. रागात होते. नुसती नावं लिहिली.” मी लहान मुलीसारखी रडायला लागले. जुरीची आई तिथेच जमिनीवर बसून पोरीचे पाय चोळत होती. तिला मराठी समजत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

“रडाचं मंग पाहू,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “ही दवाची चिठ्ठी घ्या, रस्त्यावर जा. जे भेटन त्यावर बसा अन् तालुक्याहून दवा आणा. तोवर मी झटके थांबवून पाहतो.”

रस्ता म्हणजे सागाच्या रानातली लाल धूळ. एस.टी. संध्याकाळी. मी मधोमध उभी राहिले. माणूस, गाडी, बैल, काहीच नाही. चार महिन्यांनी मी पहिल्यांदा देवाशी बोलले, आणि ते भांडणच होतं. म्हटलं, मला काय शिक्षा द्यायची ती दे, पण माझ्या पापासाठी त्या पोरीला नेऊ नको. मग भांडायचीही ताकद संपली. मी रस्त्यातच खाली बसले आणि जी ओळ म्हणत नव्हते ती तोंडून निघून गेली. शांत-बिंत काही वाटलं नाही. माझ्या हातात आता काहीच नाही, एवढंच कळलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मोटरसायकलचा आवाज आला. पांढऱ्या दाढीचा एक मुसलमान बांगडीवाला, मागे दोन मोठ्या पेट्या बांधलेल्या, आठवडी बाजाराला निघालेला. “बाई, इथी काऊन बसल्या? एस.टी. तर पाच वाजता येते.” मी कसंबसं सांगितलं. तो उतरला, दोऱ्या सोडल्या आणि दोन्ही पेट्या मोहाच्या झाडाखाली ठेवल्या.

“भाऊ, तुमचा माल…”

“जंगलात बांगड्या कोण चोरते? बसा.”

“आणि आजचा बाजार?”

“बाजार पुढच्या हप्त्यालेबी भरते. लेकरू थांबन का?”

तालुक्याला औषधाचं दुकान बंद, मालक जेवायला गेलेला. बांगडीवाला त्याच्या घरी गेला आणि त्याला ताटावरून उठवून घेऊन आला. आम्ही परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. मी इंजेक्शनं घेऊन आत धावले ती धावलेच. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा तो पेट्या बांधायला निघून गेला होता. तो कोण, कुठला, हे आजही मला ठाऊक नाही. त्याला देवाने पाठवलं असं मी म्हटलं तर तो कदाचित हसेल. मी मात्र रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते.

जुरी वाचली. पण आम्ही येईपर्यंत तिला दोनदा जोराचे झटके येऊन गेले होते. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, तेव्हा उजवा हात मेल्यासारखा पडलेला आणि बोलणं अडखळत. टोचलं तरी त्या हाताला कळत नव्हतं. औषध सकाळीच मिळालं असतं तर हात राहिला असता का? सिस्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. मी नर्स आहे, मलाही सांगता येत नाही, आणि हेच मला आतून कुरतडत राहिलं. बारा दिवस मी त्या पोरीला पेज भरवली, पुसलं, कूस बदलली. तिची आई माझ्या हातून ताट घेऊन मुकाट जेवायची. मी दिलेला प्रत्येक घास ती भाबडेपणाने खातेय असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या जायच्या दिवशी गावाहून बैलगाडी यायची होती. तिला थोडं मराठी कळतं, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं. मला राहवलं नाही. मी त्या आईसमोर बसले आणि म्हटलं, “औषध इथं असायला पाहिजे होतं. माझ्यामुळे नव्हतं. मी पाहिलं नाही, बाई.”

ती पोरीच्या हाताकडे बघत म्हणाली, “मले मालूम आहे. त्या दिवशी तू सिस्टरले सांगून राह्यली होती. मी तिथीच होती ना.”

बारा दिवस हिला सगळं ठाऊक होतं!

“लई राग आला होता,” ती म्हणाली. “वाटलं, हे आता पळून जाते. दवा आणाले गेलेले लई जण वापस नाई येत. तू आली.” मग तिने जुरीला उचलून माझ्या मांडीत बसवलं आणि तो निर्जीव हात माझ्या हातात दिला. “सिस्टर म्हणते, रोज चोळाचा. गाडी येतवर तू चोळ.”

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी चोळायला लागले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे असेल, जरा जोरातच चोळलं. जुरीने तोंड वाकडं केलं आणि आईला काहीतरी सांगितलं.

“हळू,” आई म्हणाली. “दुखते म्हणते.”

मी थांबले. आईकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती. शिरा कधी कधी अशा उशिरा जाग्या होतात, ते मी दवाखान्यांत पाहिलेलं आहे, तेव्हा याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. तो हात पुढे पूर्ण बरा झालाही नाही. पण देवाने माझं तेव्हा ऐकलं असेल तर ते असं ऐकलं. माझी चूक पुसली नाही, मला तिच्यासमोर बसवलं आणि काम दिलं. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि त्या आईची त्याहून जास्त. गाडी यायला अजून अवकाश होता. मी पुन्हा चोळायला लागले, हळू.