आत्तीचा पुढारी

उचगावात आमच्या गल्लीच्या तोंडाला दूध संस्था आहे. वडील तिचे सचिव होते. दाराबाहेर सूचनांचा फळा, आणि त्याच्या खालची वीतभर जागा कुणीही काहीही लिहावं म्हणून मोकळी सोडलेली. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं ते वाचत, हसत, कधी चिडत.

आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, रोज सकाळी तिथं दूध घालायला यायची. ती पक्की विरुद्ध पक्षाची. तिनं वडिलांच्या पुढाऱ्यावर एखादी ओळ खरडली की वडील ओलं फडकं घेऊन हजर. "आक्का, गावात भांडणं लागतील की." ती फणकारायची, "आता बोलायचं बी न्हाय का?" पुढं तिच्या पक्षाची सत्ता आली. मग वडील सरकारवर लिहायला लागले आणि फडकं आत्तीच्या हातात गेलं. वाक्यं तीच, नुसती तोंडं बदलली.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा आला की ही दोघं आठवून माझं डोकं तापायचं. एकदा दोघांनाही चांगलं सुनावलं. त्या दिवशी मात्र त्यांचं एकमत झालं, की पोरीला काही कळत नाही.

गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, जितकं लवकर तितकं बरं. मी पाढे म्हणून दाखवले, देवांची नावं घेतली, माझं नाव विचारलं. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. हा आवाज आता पुन्हा ऐकायला मिळणार नाही, या भीतीनं मला घास उतरेना.

एका दुपारी आत्ती आली. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "माझा पुढारी कसा हाय रं? सांग की."

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"भ्यालास व्हय? मी न्हाय गप करत. म्हण, लबाड हाय."

त्यांचे ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या. कितीतरी वेळानं आवाज आला, "ल... बाड."

मला रडू आवरेना. आत्तीनं पदरानं त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ टिपली आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

"बरं," ती म्हणाली, "आता का लबाड हाय, ते सांग."