वीस मिनिटं म्हणजे वीस

चौबे कॉलनीत आमच्या समोर रुचिता राहते. वडील धर्मपाल रेल्वेतून निवृत्त झालेले, आई नाही, शांतामावशी सोबत. रुचिता उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या प्रयोगशाळेत लोखंडाचे नमुने तपासते. शाळेपासून तिच्या तळहातांना घाम येतो, उकाडा असो की थंडी, हात नुकते पाण्यातून काढल्यासारखे. मिलमध्ये नमुन्यांच्या चिठ्ठ्या भिजू लागल्या तेव्हा साहेबांनी बजावलं, हात सुधार, नाहीतर स्टोअरमध्ये जा.

त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून घरी वापरायचं यंत्र लिहून दिलं. नळाच्या पाण्याचे दोन ट्रे, दोन्हींत एकेक हात आणि पाण्यातून सौम्य वीज. अंगठी-बांगडी काढायची, खरचटलं असेल तिथे व्हॅसलीन लावायचं. दहा मिनिटांनी वीज शून्यावर आणून दिशा उलटवायची, मग आणखी दहा मिनिटं. आठवड्यातून चारदा.

रुचिताला घाई होती. ती रोज दोनदा, पाऊण-पाऊण तास बसू लागली. सहाव्या दिवशी तळहात लालभडक, मनगटाशी फोड.

डॉक्टर म्हणाले, "वेळ वाढवून हात लवकर सुकत नाहीत, कातडी भाजते. भरून येईपर्यंत बंद. पुढेही वीसच्या वर एक मिनिट नाही."

फोड बसायला दहा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत जागा जाण्याची तिची भीतीही ओसरली. साहेबांना तिने सांगितलं, "महिनाभर लागेल सर. नोंदी कॉम्प्युटरवर करीन, पण स्टोअरमध्ये जाणार नाही. माझ्या तपासणीत एक चूक काढून दाखवा." साहेबांना एकही सापडली नाही.

मग तो रविवार आला. रुचिताला बघायला मावशीने बोलावलेले पाहुणे पाचला यायचे, ते साडेचारलाच दारात. रुचिता बैठकीत ट्रेमध्ये हात घालून बसलेली, वडील यंत्राच्या बटणापाशी.

"लवकर हात काढ, पोट्टी," मावशी कुजबुजली.

रुचिता म्हणाली, "वीज चालू असताना काढले तं झटका बसते. आठ मिनिटं राहिले. बसू दे त्यायले."

वडिलांनी वीज कमी केली असती तर हात काढता आले असते. त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. "लपवाचं काहून, शांताबाई? चोरी केली का तिनं?"

मुलगा पराग ट्रेसमोरच्या खुर्चीवर बसला. त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, विचारलं, "हे काय करून राहिली, बाई?"

रुचिताने सगळं सांगितलं.

"पण कायमचं बरं होईल ना?"

"नाही. वाळले तरी आठवड्यातून एखाद्या वेळी करावं लागते."

"मंग लग्नात कोणाले सांगू नका."

"सांगीन. जो विचारीन त्याले सांगीन, जो न विचारीन त्यालेही."

दुसऱ्या दिवशी फोनवर नकार आला. मावशी दोन दिवस रुचिताशी बोलली नाही. रुचिता मात्र ठरल्या वारी ट्रे भरत राहिली.

पाचव्या आठवड्यात तळहात बरेच कोरडे झाले. प्रयोगशाळेतली जागा तिचीच राहिली. परवा बाहेरून प्रयोगशाळेच्या तपासणीला एक अधिकारी आले. ताणाने त्या दिवशी तिचे हात पुन्हा ओलसर होते. त्यांनी हात पुढे केला. एरवी ती नमस्कारावर भागवायची, त्या दिवशी तिने तो हात घट्ट धरला. त्यांनी नंतर हात पँटला पुसला. तिने ते नीट पाहिलं आणि नमुन्यांचे आकडे सांगायला सुरुवात केली.