सातविणीवर टांगलेलं घरटं

त्या दुपारी मला कुठलंच जनावर नको होतं. न्हाणीघरात पाय मोडलेलं उदमांजर ठेवलेलं, म्हणून घरातले सगळे विहिरीवर आंघोळ करत होतो. सकाळी डिचोलीत एका दुकानाच्या शटरमध्ये अडकलेली धामण सोडवून आले होते, तिचा वास हातावरून जात नव्हता. लोकांची शिवायला घेतलेली ब्लाउजं मशीनवर तशीच पडली होती. जेवून जरा आडवी झाले, तर कारापूरहून फोन. तिथे गोदामासाठी जागा मोकळी करायचं काम चालू होतं आणि झाडं तोडणाऱ्या टोळीचा मुकादम बोलत होता. माणूस बेळगावकडचा.

"बाई, झाड पाडलं आन् आतनं पाखरं निघाली. चोच ही एवढी हाय वो!"

ती केवढी ते फोनवर दिसत नव्हतं, पण मला कळलं. धनेश. मी उठून बसले.

नवऱ्याने विचारलं, "जातंस?"

"जावक व्हया."

"मगे चल. माका तेच वाटेन जावचा आसा." तो पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता त्याच ट्रकमधून चिरे वाहतो. वाटेत मी डोळे मिटून घेतले. त्याने रेडिओ बंद केला.

घोटिंगाचं भलंमोठं झाड आडवं पडलं होतं. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते ती आतून तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते. मग पिसं गाळते. नर बाहेरून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. ही मादी उडूच शकली नसती. खोड पडताना ती आतच मेली. पिल्लं मात्र दोन, जिवंत. मुकादमाने त्यांच्यावर स्वतःचा टॉवेल घातला होता. मोठ्याच्या अंगावर पिसं आली होती, धाकटं अजून अर्धं उघडंच होतं.

मी वनखात्याच्या गार्डला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, सध्या तुम्हीच बघा, मी संध्याकाळी येतो." आम्ही दोघं एकमेकांना इतकी वर्षं ओळखतो, की पुढचं काही बोलावं लागलं नाही.

पिल्लं मी खोक्यात ठेवली. धनेशाचं एक पिल्लू मी आधी वाढवलं होतं. दर तासाला पपई, अंडं, पुन्हा पपई. ते जगलं, पण मलाच आई समजून बसलं. रानात सोडलं की माणसांच्या खांद्यावर येऊन बसायचं. शेवटी त्याला कायमचं पिंजऱ्यातच ठेवावं लागलं. तसं पुन्हा करायचं अंगात त्राण नव्हतं.

तेवढ्यात नर आला. पंखांचा तो मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी वर पाहिलं. शेजारच्या सातविणीवर तो बसला, चोचीच्या टोकाला वडाचं फळ. जिथे झाड होतं तिथल्या रिकाम्या हवेकडे बघत होता. एक चक्कर मारली, परत बसला.

मला खरं सांगायचं तर दया वगैरे काही आली नाही. मी दमले होते, आणि समोर पिल्लांचा बाप बसला होता. त्याचं काम त्यानेच करावं, एवढंच मनात आलं.

"मामा, ही ढोली तेवढी कापून देता?" मी मुकादमाला विचारलं. "त्या सातविणीवर टांगू."

"त्ये झाडबी तोडायचंय की वो बाई."

"थोडं थांबता येईल?"

त्याने डोकं खाजवलं. "तिकडची बाजू आधी घेतो. शेठ काय म्हणतोय बघू."

त्यांनी ढोलीचा ओंडका कापून दिला. वरखाली फळ्या ठोकल्या, तोंड मी चिखलाने लिंपून बारीक केलं, पिल्लं आत ठेवली. नवऱ्याच्या ट्रकवरच्या दोराने ओंडका वर चढवला. खालून तो ओरडत होता, "सावकाश रे, भितुर पोरां आसत!"

संध्याकाळपर्यंत नर फिरकला नाही. गार्ड येऊन बघून गेला. मुकादमच शिडीवर चढून पिल्लांना पपई देऊन आला. दुसऱ्या दिवशी नर आला, ओंडक्यावर चोच आपटली आणि उडून गेला. मी तिथेच दगडावर बसून त्याला शिव्या दिल्या. उन्हं कलता कलता तो पुन्हा आला. गळ्यातून एक फळ वर काढलं, फटीत धरलं. आतून चोच आली आणि फळ गेलं. मग दुसरं. मी रडेन असं नवऱ्याला वाटलं असावं, कारण तो पाणी घेऊन आला. मला फक्त झोप येत होती.

धाकट्याची मान फटीपर्यंत पोचत नव्हती. बापाने आणलेलं सगळं थोरलं खायचं. धाकट्याला मी घरी आणलं, उबेत ठेवलं, भरवलं. ते एका सकाळी माझ्या ओच्यात मेलं. परसात केळीजवळ पुरलं आणि ब्लाउजं शिवायला बसले.

जागेचा मालक मधेच गाडीतून येऊन गेला. वर बघितलं, मोबाईलवर फोटो काढला. "पावसाच्या आत मोकळं करा," एवढंच मुकादमाला म्हणाला. त्याच्यावर रागवायचीही मला ताकद नव्हती. तोडायचा परवाना त्याच्याकडे होता.

मिरगाच्या तोंडावर थोरल्याने लिंपण फोडलं. दिवसभर कडेला बसून राहिलं. बाप समोरच्या फांदीवर फळ घेऊन बसला, पण जवळ येईना. शेवटी ते झेपावलं, वेडंवाकडं, जवळजवळ खाली आलं आणि सावरलं. दोघं नदीच्या बाजूला गेली. टोळीतल्या कुणीतरी शिट्टी वाजवली.

दोन दिवस वाट पाहिली. ते परतलं नाही. पलीकडच्या आंबराईत बाप त्याला भरवताना दिसला.

मुकादम माझ्याजवळ आला. "बाई, आता तोडू?"

मी सातविणीकडे बघितलं. चांगलं सरळ वाढलेलं झाड होतं.

"तोडा," मी म्हटलं.

"ओंडका देऊ का ट्रकात?"

"नको. ठेवायला जागा नाही."

त्याने मान हलवली आणि करवतीचं मशीन आणायला गेला. नवऱ्याने ट्रक चालू केला. साखळी गावच्या पुलाकडे वळेपर्यंत मला झोप लागली होती.