वहिनींचं नाक आणि मागची लिंबोणी

खानावळीतली डाळ करपली आणि ते सगळ्यांना कळलं. फक्त पातेल्यासमोर उभ्या असलेल्या वहिनींना कळलं नाही.

गल्ल्यावर बसणारा त्यांचा धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. खानावळ दोघा भावांनी मिळून काढली होती. थोरला गेला, तेव्हापासून चूल वहिनींची आणि गल्ला भाऊजींचा. आसपासच्या छापखान्यांतले कामगार, बसचालक, दवाखान्यातल्या नर्स दुपारी तिथे जेवायला येत. वहिनी नुकत्याच तापातून उठल्या होत्या आणि कामावरचा तो पहिलाच दिवस होता.

"अहो वहिनी, धूर निघतोय!" भाऊजी धावत आले.

वहिनींनी गॅस बंद केला आणि पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला. काहीच नाही. चिरलेला कांदा नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं, वास मात्र नाही. त्या तडक दवाखान्यात गेल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "तापाने वास गेलाय. जीभ शाबूत आहे. आंबट, खारट, गोड, कडू कळेल. रोज सकाळी ओळखीच्या दोन-चार गोष्टी हुंगायच्या, आणि हुंगताना तो वास आठवायचा. परत येईलही, किंवा येणारही नाही."

"गोळी नाही?"

"नाही. सराव आहे."

"सराव मला जमतो," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

घरी येऊन बघतात तर भाऊजींनी एका आचाऱ्याशी बोलणं करून टाकलेलं. "खूप वर्षं राबलात. आता आराम करा," ते मायेने म्हणाले. ती मायाच वहिनींना जास्त झोंबली.

"भाऊजी, नाक गेलंय, हात नाही गेले. नवा माणूस येऊ दे, कांदे चिरेल. चूल मी सोडणार नाही."

खानावळीच्या मागे, भांडी घासायच्या कट्ट्यापलीकडे लिंबाचं झाड होतं. कुणीतरी फेकलेल्या बीतून उगवलेलं, काटेरी, येता-जाता पदर ओढणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी त्याचं पान चुरगळलं, डोळे मिटले आणि हुंगलं. कागद हुंगावा तसं. मग लिंबू कापून थेंबभर रस जिभेवर घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. आंबट! लख्ख आंबट!

तिथून त्यांनी स्वयंपाक नव्याने मांडला. फोडणी कानाने ऐकायची, कांदा रंगावरून उतरवायचा, आणि चव आंबट-खारटाच्या मापात धरायची. डाळीत लिंबू पिळलं की मीठ कमी लागतं, हे त्यांना ठाऊक होतंच. आता रक्तदाबामुळे मीठ कमी केलेल्या एका बसचालकासाठी त्या वेगळी वाटी काढू लागल्या. पालेभाजीवर वरून लिंबू, शिजताना भातात दोन थेंब, म्हणजे दाणा पांढरा आणि मोकळा. डाळ-रश्श्यात मात्र रस घालायचा तो भांडं खाली उतरवल्यावर. नव्या आचाऱ्याने एकदा उकळत्या रश्श्यात लिंबू पिळलं आणि सगळा रस्सा कडवट झाला. त्या दिवशी त्याला ओरडा बसला, पण वहिनी मनातून खूश होत्या. कडू त्यांच्या जिभेने पकडलं होतं.

मग माशांचं झालं. वहिनींनी मासे धुतले, मीठ-लिंबू चोळून ठेवले. कशासाठी तरी भाऊजी आत आले आणि त्यांनी नाक मुरडलं. त्यांचा चेहरा पाहताच वहिनी सगळं समजल्या. मासे खराब होते. लिंबाने वास दबला असता, पण विषबाधा थोडीच टळली असती? अख्खी खानावळ आजारी पडली असती. त्यांनी मासे उचलून टाकून दिले आणि हात धुऊन स्टुलावर बसल्या. सोडून द्यावं, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

भाऊजी दारातच घुटमळत होते. वहिनींनी वर पाहिलं.

"भाऊजी, रोज सकाळी तुमचं नाक लागेल मला. मासे, दूध, शिळं-ताजं, सगळं तुम्ही हुंगायचं."

"मी? आजवर तुम्हीच बजावत आलात ना, माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नका म्हणून!"

"आता खुपसा."

भाऊजी हसले, मग वहिनीही हसल्या. आचाऱ्याला मात्र आपण हसावं की नाही ते कळेना.

सकाळचं पान काही सुटलं नाही. उन्हातून आलेल्या कामगाराला मीठ-साखरेचं सरबत देताना, घसा बसलेल्या नर्सला कोमट पाण्यात मध-लिंबू देताना वहिनी साल हुंगून बघत. "याने घसा बरा होतो ना?" नर्सने विचारलं. "ते तुम्हाला माहीत. बरं वाटतं, एवढं मला माहीत," वहिनी म्हणाल्या. साली तळहाताला चोळून झोपायला जात. महिने गेले. नाक ढिम्म.

आणि एका सकाळी पान चुरगळलं तेव्हा नाकात काहीतरी शिरलं. उग्र, तेलकट. वहिनींनी पुन्हा हुंगलं.

"भाऊजी! लिंबाला रॉकेलचा वास येतोय!"

"अरेरे," भाऊजी हळहळले.

"अरेरे काय? वास येतोय म्हणतेय मी!" आणि वहिनी कट्ट्यावर बसून रडायलाच लागल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला असं वाकडंतिकडंच येतं, हुंगत राहा. वहिनी हुंगत राहिल्या. रॉकेल ओसरत गेलं. पुढच्या बहरात झाडाखाली उभ्या असताना फुलांचा खराखुरा वास आला, आणि त्या कितीतरी वेळ तिथून हलल्या नाहीत.

सगळं परत आलं नाही. कॉफी नुसतं गरम पाणीच राहिली, जिऱ्याचा पत्ता नव्हता. पण पूर्वी ज्या कुणाला काही विचारत नसत, त्या वहिनी आता रोज दुपारी पदराला हात पुसत टेबलांपाशी येऊ लागल्या.

"कसं झालंय?"

"छान!" कुणीतरी घास चावत म्हणे.

"छान नको. काय कमी पडलंय ते सांगा," वहिनी म्हणत, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नसत.