हिच्या नोकरीवर स्पेनचा व्हिसा

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचे नवरा-बायकोचे पासपोर्ट आले आणि दोन्हींवर स्पेनचा व्हिसा आहे! जबलपूरच्या घरातून मी परदेशी कंपनीचं डिझाइनचं काम करते. आता तेच काम तिथं राहून करीन.

पेढे घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो. "घरीच तर असते" असं त्या माझ्याबद्दल नेहमी म्हणायच्या. स्पेनच्या व्हिसाचं ऐकून त्यांनी थेट माझ्या नवऱ्याला, प्रशांतला विचारलं, "अच्छा, कंपनी पाठवून राहिली काय तुला?"

"नाही काकू. व्हिसा हिच्या नोकरीवर मिळाला. मी रिछाईच्या कारखान्यातली सुपरवायझरी सोडून हिच्यासोबत चाललो."

 काकूंनी पहिला पेढा मला भरवला. तो खाताना माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

तुमच्या घरून केलेल्या कामाला पहिल्यांदा 'नोकरी' कोण म्हणालं?