वीस मिनिटं पुढचं घड्याळ

आता सांगून टाकतो. ज्यांच्यासमोर तोंड उघडायला हवं होतं, ती दोन माणसं कधीच गेली. मेलेल्यांसमोर कबुली द्यायला काय लागतं, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. खरंच आहे ते.

मी तेव्हा सालवडला राहायचो. तारापूरच्या किनाऱ्यावर वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि तिथे मी मजुरांची हजेरी लिहायचो. हजेरी लिहिणाराच उशिरा आला तर साहेब सगळ्यांदेखत झापायचा, म्हणून मी मनगटावरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. कामावर जाताना घड्याळ सांगेल ते ऐकायचं, एरवी वीस मिनिटं वजा करायची, असा माझा कारभार. बायको वैतागायची. म्हणायची, "तुमचं घड्याळ म्हणजे मला दुसरी सासू झालीय. पहिली निदान दुपारची झोपायची तरी!"

आम्ही घाटावरून आलेले. बौद्ध होऊन जेमतेम नऊ-दहा वर्षं झाली होती. कामावर चहाच्या टपरीपाशी लोक आमच्या पाठीमागे बोलायचे, कधी तोंडावरही बोलायचे, की नुसतं नाव बदललं, बाकी सगळं तेच. हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही व्हायची. मी तापट माणूस, आणि वर चार बुकं वाचलेली. मनाशी ठरवलं होतं, की आपण नियमाने असं वागून दाखवायचं, की या लोकांची तोंडं कायमची बंद झाली पाहिजेत.

आणि त्याच वर्षी आमच्याकडे दोन भिक्खू वर्षावासाला आले. वर्षावास म्हणजे आषाढी पुनवेपासून आश्विनी पुनवेपर्यंत, पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एकाच जागी राहायचं. जागा सोडून हिंडायचं नाही. ओहोळापलीकडच्या पाम गावातल्या एका शेतकऱ्याने गावाच्या कडेचं आपलं रिकामं भाताचं कोठार वापरायला दिलं. आम्ही ते शेणाने सारवलं, पत्र्यांवर दगड ठेवले, भिंतीला बुद्धाची तसबीर लावली. थोरले भन्ते साठीच्या पुढचे, हाडकुळे, बोलायला अगदी हळू. धाकटे भन्ते तिशीचे, दिवसभर पाठांतर करत बसायचे.

त्यांचे नियम कडक होते. काही मागायचं नाही. उद्यासाठी राखून ठेवायचं नाही. पात्रात पडेल ते खायचं, मग ते काही का असेना. आणि दुपारचे बारा वाजले की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. सालवडच्या आमच्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्याची पाळी त्याने दहाच्या सुमाराला डबा पामला पोचवायचा. बाराची वेळ कुणी सांगायची असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. आमच्यात घड्याळ माझ्याच एकट्याकडे होतं ना!

काय सांगू, मला स्वर्ग दोन बोटं उरला. रात्रपाळी असली किंवा सुट्टी असली की मी कोठाराच्या दारात उभा राहायचो आणि घड्याळ बघून मोठ्याने सांगायचो, "भन्ते, बारा." घड्याळ पुढे आहे हे मला ठाऊक होतं. पण डबा दहाला यायचा, साडेदहाला जेवण उरकायचं, मग वीस मिनिटं वजा करायची गरजच काय? उलट लवकर बारा म्हटलं तर नियम जास्तच कडक पाळल्यासारखं वाटायचं. एकदा एका म्हातारीने उशिरा केळी आणली तर मी तिला दारातच थांबवून चांगलं व्याख्यान दिलं होतं. थोरल्या भन्त्यांनी आतून नुसतं पाहिलं.

भादव्यात वादळ आलं. दोन दिवस आधीपासून समुद्राकडून वारा सुटला होता. कोठाराचे पत्रे उडतील म्हणून मी दुपारी दोरखंड घेऊन पामला गेलो. पत्रे बांधून होईपर्यंत सालवड आणि पामच्या मधला ओहोळ असा फुगला की परत जायची सोय राहिली नाही. मी तिथेच अडकलो, भिक्खूंबरोबर.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. येणार कसा, ओहोळाला छातीच्या वर पाणी. थोरल्या भन्त्यांना आदल्या दिवसापासून ताप होता. ते घोंगडीत बसून होते, दात वाजत होते. माझ्याजवळ खिशातल्या मूठभर शेंगदाण्यांशिवाय काही नव्हतं. ते मी सकाळीच दोघांच्या पात्रात घातले. धाकट्या भन्त्यांनी स्वतःचे अर्धे मला परत द्यायला हात पुढे केला तेव्हा मी मोठ्या बाणेदारपणे नको म्हटलं.

आता हे नीट ऐका, कारण माझी लाज इथूनच सुरू होते. भिक्खूंना मागायची बंदी होती, मला नव्हती. पामातली घरं हाकेच्या अंतरावर होती. त्यांच्याही घरांवरची कौलं उडाली होती, पण भांडंभर पेज कुणीही दिली असती. मी गेलो नाही. आमच्या भिक्खूंसाठी आम्ही यांच्या दारात हात पसरायचा? उद्या हेच लोक म्हणतील, बघा, माणसं बोलावली आणि उपाशी ठेवली. असा विचार करून मी दिवसभर दारात बसून पाऊस बघितला. आणि गावातली माणसं समजत होती, की सालवडवाले काहीतरी सोय करत असतील.

तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी धाकट्या भन्त्यांनी पावसाचं पाणी उकळून थोरल्यांना पाजलं. थोरल्यांना उठून बसायलाही आधार लागत होता. आभाळ इतकं काळं, की सकाळ आहे की संध्याकाळ ते कळेना. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो आणि ओहोळाकडे बघत होतो. मीही दोन दिवसांचा उपाशी होतो. घड्याळात बारा वाजले. मी दारातून सांगितलं, "भन्ते, बारा." का सांगितलं कोण जाणे. खायला होतंच काय?

आणि पाचेक मिनिटांनी ती आली.

कोठाराच्या मागच्या झोपडीत एक कोळीण राहायची. माहेर दातिवऱ्याचं, नवरा समुद्रावर गेलेला परत आला नव्हता, बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी विकून पोट भरायची. आमच्या धर्माशी तिचा काही संबंध नाही. ती डोक्यावर इरलं आणि पोटाशी फडक्यात बांधलेलं पातेलं धरून चिखलातून आली. गुडघ्यापर्यंत माखली होती. म्हणाली, "दोन दिस झाले, तुमच्याकडं कोन येताना दिसलं नाय. म्हाराज उपाशी हायत ना? भात हाय, सुकटीचं कालवण हाय. लाकडं ओली, चूलच पेटत नवती, म्हनून येल झाला."

भाताची वाफ माझ्या नाकापर्यंत आली. आतून धाकटे भन्ते उठले, त्यांनी पात्र हातात घेतलंसुद्धा.

आणि मी आडवा झालो. दाराच्या चौकटीला हात लावून. "मावशी, बारा वाजून गेले. आता त्यांना चालत नाही."

"आगं बाय! वाजले?" तिने आभाळाकडे बघितलं. "माज्याकडं घड्याल नाय रं भाऊ. मी सूर्य बगते, आन आज सूर्य पन नाय." आणि मग ती माझी नाही, त्यांची माफी मागायला लागली. दारातूनच वाकून म्हणाली, "म्हाराज, चुकलं माजं. उद्या लवकर आनते."

थोरल्या भन्त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढून जोडले. तिला आशीर्वाद दिला. धाकट्यांनी पात्र खाली ठेवलं. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? अभिमान वाटला! दोन दिवसांचे उपाशी भिक्खू, समोर गरम भात, तरी नियम मोडला नाही. बघा म्हणावं आता टपरीवाल्यांनो.

मावशी पातेलं घेऊन वळली, मग थांबली. "तुला तर चालतं ना रं? तू तर म्हाराज नायस. खा, वाया नको घालवू."

मला चालत होतं. मी पडवीत बसलो, भिक्खूंकडे पाठ होईल असा, आणि खाल्लं. आधी चार घास घेईन म्हटलं होतं. मग हात थांबेना. तिखटाने डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी बोटं चाटत होतो. मावशी बाजूला बसून इरल्याचं पाणी झटकत होती आणि म्हणत होती, "सावकाश, सावकाश."

तेवढ्यात भोंगा झाला.

बांधकामावरचा बारा वाजताचा भोंगा. वादळामुळे बाहेरचं काम बंद होतं, पण भोंगेवाला आपलं काम करत होता, आणि एरवी पामपर्यंत न पोचणारा तो आवाज त्या दिवशी वारा नेमका तिकडून असल्याने स्वच्छ ऐकू आला. माझा घास तोंडातच राहिला. घड्याळात बघितलं तर बारा वीस. ती आली तेव्हा पंधरा मिनिटं शिल्लक होती. पंधरा मिनिटांत दोन माणसांचं जेवण आरामात होतं, आजारी माणसाचंसुद्धा.

तिला अडवताना मला ती वीस मिनिटं आठवलीच नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. दारात आडवा झालो तेव्हा खरोखरच आठवलं नसेल. पण भोंग्यानंतर तर कळलं होतं ना! उठून आत जायचं आणि म्हणायचं, भन्ते, माझी चूक झाली, माझं घड्याळ पुढे होतं. एवढंच. जेवण परत येणार नव्हतं, पण खरं तरी बोललो असतो. मी तोंडातला घास गिळला. पातेलं घासून पुसून मावशीच्या हातात दिलं. आत गेलो तेव्हा थोरले भन्ते डोळे मिटून पडले होते. त्यांनी भोंगा ऐकला का, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी उजाडताच पेज घेऊन आली, कुणी सांगण्याची वाट न बघता. दुपारपर्यंत ओहोळ उतरला आणि सालवडहून माणसं आली. थोरल्या भन्त्यांना पातेल्यातली पेज चमच्याने भरवावी लागली. ताप पंधरा दिवस गेला नाही. नंतरही ते काठी घेऊन चालायचे, चार पावलांवर थांबून खोकायचे. सगळे म्हणायचे, वादळाची हवा बाधली. मीही मान हलवायचो.

घरी बायकोने एकदा विचारलं, "अहो, तिकडे दारात उभे राहता तेव्हा ती वीस मिनिटं वजा करता ना?" मी तिच्यावर असा खेकसलो, की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

आश्विनी पुनवेला वर्षावास संपला. त्या दिवशी भिक्खू एकमेकांसमोर बसतात आणि विचारतात, की या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं तुम्हाला दिसलं, ऐकू आलं, किंवा नुसता संशय आला असेल तर मला सांगा. कोठारात सगळी सालवड जमली होती. पामची माणसंही होती, मावशी मागे भिंतीला टेकून बसली होती. दोघा भन्त्यांचं आपसांतलं झालं. मग थोरल्यांनी काठी टेकली, उभे राहिले आणि सरळ माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. हात जोडून.

मी घाबरून मागे सरकलो. "भन्ते, हे काय!"

"उपासक, भिक्खूंचं झालं. एक तुमच्याकडे राहिलंय," ते म्हणाले. "वादळात तुम्ही बारा म्हणालात आणि नंतर भोंगा ऐकू आला. माझ्या मनात आलं, की या माणसाचं घड्याळ पुढे असावं. मग त्याहून वाईट आलं, की याला भूक लागली होती. तुम्ही आमच्यासाठी तीन महिने दारात उभे राहिलात आणि मी तुमच्याबद्दल असा संशय धरला. महिनाभर मनातून काढला नाही. चूक माझी आहे. मला क्षमा करा."

एवढं बोलून ते थांबले. घाई केली नाही. माझ्याकडे बघत राहिले, त्या आजाराने खोल गेलेल्या डोळ्यांनी, आणि बोलायला हवा तेवढा वेळ मला दिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको बघत होती. टपरीवरचा एकजण दारात उभा होता, तोही. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मनगट मी सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतलं. घड्याळ अजूनही वीस मिनिटं पुढेच होतं. मागे केलं असतं तर बायकोने कारण विचारलं असतं.

"केली, भन्ते," मी म्हणालो. "क्षमा केली."

सगळ्यांनी, चांगलं झालं या अर्थाने, साधू, साधू, साधू म्हटलं. मावशीला तो शब्द नवा होता, तरी तिनेही हात जोडले आणि सगळ्यांच्या मागून तीनदा म्हटला.